कुसैसच्या घरात केल्टांचं रडणं

दुबईहून आल्यापासून भेटेल त्या बाईचे तेच प्रश्न. बुर्ज पाहिला का? सोनं आणलं का? उंटावर बसलात का? बुर्ज मी पाहिला लांबून, गाडीच्या काचेतून, आणि तोही धुरकट. उंट पाहिला तो दुधाच्या बाटलीवर छापलेला. सोन्याचं तर नाव काढू नका. मी गेले होते ते माझ्या लेकीला रडवायला.

असं लिहिलेलं वाईट दिसतं, पण खरं तेच. आणि त्या गावात मला अडीच हजार वर्षांपूर्वीचे केल्ट नावाचे लोक भेटले, हेही खरं. त्यांची ओळख नसती झाली तर माझं काम झालं नसतं. म्हणून आता दोन्ही सांगते, एकात एक.

शुभा माझी धाकटी. लग्न होऊन दुबईला गेली, तिथंच नोकरी लागली, तिथंच सई झाली. सई आता नऊ वर्षांची आहे. जावई संदीपराव. यंदाची दिवाळी संपली आणि त्यानंतरच्याच आठवड्यात संध्याकाळचे एका मित्राकडे शारजाला निघाले होते, ते रस्त्यातच गेले. गाडीत, जाममध्ये. बसल्या जागी हृदय थांबलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

पेटी विमानानं आली, तिथून तासगावकडं आमच्या व्याह्यांच्या गावी. आमच्या मुलखात मयताच्या घरी बायका उंबऱ्यापासूनच हेल काढत येतात, हे तुम्हाला माहीत आहे. गळ्यात पडायचं आणि गेलेल्याचे गुण गात रडायचं. नुसतं हुंदके देणं म्हणजे रडणं नव्हे. मी स्वतः त्यात जुनी आहे. आवाज बरा आहे, शब्द सुचतात, म्हणून चार गावांत बोलावणं येतं. त्या दिवशी मी गळा फाटेस्तोवर रडले. आणि माझी लेक पेटीशेजारी उभी राहून दिराला विचारत होती, "भावजी, मृत्यूच्या दाखल्याच्या किती कॉप्या काढायच्या?"

तिची मोठी जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "डोळ्यांत टिपूस नाही बघा. तिकडचं पाणी."

ते वाक्य खड्यासारखं पोटात राहिलं. कार्य झालं, सईची शाळा म्हणून मायलेकी परत गेल्या. मी फोन केला की शुभा म्हणायची, "आय ॲम फाइन, आई. जेवले. झोपले. मीटिंग आहे, ठेवते." जानेवारीत मी व्हिजा काढायला सांगितला आणि गेले.

अल कुसैस

अल कुसैस म्हणजे दुबईचं शारजाकडचं टोक. मला वाटलं होतं काचेचे महाल असतील. पाहते तर आपल्या सांगलीतली एखादी जुनी कॉलनी उचलून वाळूवर ठेवलेली. चार-पाच मजली इमारती, खाली केरळी किराणा, पाकिस्तानी न्हावी, मालवणी थाळीची पाटी. लिफ्टमध्ये हिंदी. रस्त्यावर कढीपत्त्याचा वास. हवा मात्र छान, आपल्याकडच्या मार्गशीर्षासारखी.

घर लख्ख. इतकं लख्ख की मला भीती वाटली. संदीपरावांचे बूट दाराशी नाहीत, कपडे कपाटात नाहीत. "देऊन टाकले, आई. पडून काय करायचेत?" शुभानं चहा केला, पोहे केले, माझ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. लॅपटॉप उघडला. दिवसभर तिचं यस, नो, शुअर, विल डू. मी तिच्या तोंडाकडं बघत बसायची. नांगरट न झालेल्या रानासारखं दिसायचं ते. वरून गुळगुळीत, आणि आत पाणी जाईना.

दुसऱ्या दिवशी शेजारची झुबेदा सांदण घेऊन आली. झुबेदा दापोलीकडची. नवरा पोर्टवर, ही सईच्या शाळेच्या ऑफिसात. तोंडात पानाचं तांबूस हसू, अंगभर काळा अबाया, आणि बोलणं असं की मराठी कुठं संपतं आणि हिंदी कुठं सुरू होतं कळू नये.

"मावशी, गरम आहे तोवर खा. नारळाचा रस घालून. तुमच्यात हे नसतं ना?"

"आमच्यात नारळ पूजेला," मी म्हटलं, "खायचा तो प्रसादापुरता."

"हाय अल्ला, मग जगता कशावर?"

"शेंगदाण्यावर."

ती इतकी हसली की सांदणाचं ताट हलायला लागलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "शुभा रडली का? आमच्या सगळ्यांच्या समोर एकदाबी नाही. मैं पूछूं तो बोलती है, झुबेदा, खलास. खलास कसं होईल?"

म्हणजे खडा माझ्या एकटीच्या पोटात नव्हता.

शाळेतले केल्ट

त्या आठवड्यात सईच्या वर्गाचं प्रदर्शन होतं. विषय होता केल्ट लोक. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयातून. पण हे नाव मी तिथंही वाचलं नव्हतं. वर्गशिक्षिका नोरा नावाची आयरिश बाई. साठीला आलेली, उंच, चेहऱ्यावर ठिपके, पायात चपला आपल्या बाजारातल्यासारख्या. शाळेनं तिला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर दिलेलं. तिचं इंग्रजी मला कळेना, माझं मराठी तिला कळेना. मध्ये झुबेदा उभी राहिली आणि दोन्हीकडचं ओतत राहिली.

तर हे केल्ट म्हणजे रोमन लोकांच्याही आधी युरोपभर पसरलेल्या टोळ्या. एक राजा नाही, एक राज्य नाही. एकमेकांशी भांडणारे, पण भाषा एका कुळातल्या आणि हातातली कला एका वळणाची. पॅरिस आहे ना, ते नाव त्यांच्याच एका टोळीचं. मोठमोठ्या नद्यांची नावं त्यांच्या जिभेवरची. लाकडाच्या फळ्यांना लोखंडी कडी घालून पिंप करायचं, साखळ्यांचं चिलखत विणायचं, हे त्यांचं. रोमन लोक पाय उघडे टाकून फिरायचे आणि या लोकांच्या पाटलोणींना हसायचे. पुढं थंडीच्या मुलखात गेले आणि त्यांनीच त्या घातल्या.

"म्हणजे हसणाऱ्यानंच शेवटी घातली," मी म्हटलं.

झुबेदानं ते सांगितलं. नोराबाई म्हणाली, "ऑलवेज." ते मला झुबेदाशिवाय कळलं.

सईच्या वाट्याला चाक आलं होतं. पुठ्ठ्याचं चाक, त्यावर चांदीच्या कागदाची पट्टी. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी कडी चढवायची, वर पाणी ओतायचं, कडी आकसते आणि चाक घट्ट आवळून बसतं. खिळा लागत नाही. "आजी, द केल्ट्स वेअर फेमस फॉर इट," सई मला म्हणाली.

अगं, माझा बाप गाडे करायचा. त्या कडीला आमच्यात धाव म्हणतात. अंगणात शेणकुटांच्या आरात धाव लाल व्हायची, चौघे चिमट्यांनी उचलायचे, आणि पाणी पडलं की अशी किंचाळायची की आम्ही पोरं कानांवर हात घेऊन पळायचो. मी हे सांगत होते आणि सई डोळे मोठे करून ऐकत होती. नोराबाईनं तिला पुढं उभं करून पुन्हा सांगायला लावलं, तर सईनं सगळ्या वर्गाला सांगितलं की इट स्क्रीम्स.

एक गोष्ट मला फार आवडली. केल्ट दिवस मोजायचे नाहीत, रात्री मोजायचे. त्यांचा दिवस सूर्य बुडाल्यावर सुरू व्हायचा. आधी काळोख, मग उजेड. त्यांचं वर्षही काळोख्या अर्ध्यापासून सुरू व्हायचं, आणि त्या सांध्यावर मेलेली माणसं घरी येतात असं समजायचे. ही पोरं भोपळ्याचे राक्षस करतात ते हॅलोविन त्यातूनच आलेलं. झुबेदा म्हणाली, "हे तर आमच्यासारखं. मगरीब झाली की तारीख बदलते." मी म्हटलं, आमच्यात उगवतीला दिवस धरतात, पण मेलेल्यांना जेवायला मात्र आम्हीही बोलावतो. आम्ही तिघी तीन धर्मांच्या, आणि उभ्या होतो पुठ्ठ्याच्या एका चाकापाशी.

सगळे आईबाप फोटो काढत होते. शुभानंही काढले. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "यल्ला, निघायचं? चारला कॉल आहे."

अजमानचा रस्ता, अजमानचा किनारा

शनिवारी सुट्टी. नोराबाईला समुद्र पाहिजे होता, सईला वाळू, म्हणून शुभानं गाडी काढली. झुबेदा डबे घेऊन आली. शारजा ओलांडून अजमानला जायचं. अंतर फार नाही, पण तिकडच्या रस्त्याला जाम लागला की मुंगीही पुढं जाते आणि माणूस राहतो. सहा-सात ओळी गाड्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या उभ्या.

एका पुलाच्या अलीकडं शुभा म्हणाली, "इथं."

कंडक्टर स्टॉपचं नाव सांगतो तशी. मला आधी कळलंच नाही. मग झुबेदानं माझा हात धरला. मी बाहेर पाहिलं. कठडा, खजुराची तीन झाडं, एक जाहिरातीचा फलक. एवढंच. आपल्याकडं अशा ठिकाणी निदान कुणी दगड ठेवतं, हळद-कुंकू टाकतं. गाडी हलली. शुभानं इंडिकेटर दिला.

अजमानचा समुद्र शांत, आपल्या तलावासारखा. मजूर पोरं सुट्टीची फोटो काढत होती, त्यांत दोघं जतकडची निघाली. "आजी, भाकरी खाल्ली का हितं?" म्हणून माझ्या पाया पडली. मी वाळूवर बसायला गेले ते सरळ लाटेतच. नऊवारी ओली, एक चप्पल समुद्रानं नेली. नोराबाई गुडघाभर पाण्यात धावली आणि चप्पल पकडून आणली, वर चप्पल मिरवत ओरडली काहीतरी. झुबेदा म्हणाली, "बोलती है, आमच्यात समुद्रानं नेलेलं परत मिळत नाही, हे नशीब तुमचं." आम्ही खूप हसलो. शुभा लांब गाडीत बसून फोनवर बोलत होती.

झुबेदाची बिर्याणी, माझ्या शेंगदाण्याच्या पोळ्या. नोराबाईनं पोळी खाल्ली, मग आणखी एक खाल्ली, आणि लांब गाडीतल्या शुभाकडं बघत मला विचारलं, "तुमच्याकडं कुणी गेलं की बायका काय करतात?"

मी सांगितलं. हेल काढतो, गुण गातो.

तिनं पोळी खाली ठेवली. तिची आजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आणि तिचं कामच ते होतं म्हणे. मयत झाली की तिला बोलावणं यायचं. डोक्यावरून काळी शाल घेऊन ती पेटीच्या उशाशी बसायची आणि रडणं उचलायची. बाकीच्या बायका तिच्यामागं सूर ओढायच्या. केल्ट कवी गेलेल्या वीराचे गुण गायचे, त्यातलंच हे बायकांच्या हाती उरलेलं, असं आजी सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही, नोराबाई म्हणाली, पण आजीला शंका नव्हती.

"मग आता?"

"आता नाही. पाद्र्यांना पसंत नव्हतं. देवाच्या इच्छेविरुद्ध कसलं ओरडणं, म्हणून बंद पाडलं. माझ्या आईला तर आजीची लाज वाटायची. केल्टांचं ज्ञान सगळं तोंडपाठ असायचं, पवित्र गोष्टी ते लिहीत नसत. रडणं तर कोण लिहिणार? मला दोन ओळी येतात. बाकीचं आजीबरोबर मातीत."

हे सांगता सांगता झुबेदा मध्येच थांबली. "मावशी, आमच्यातबी मना आहे," ती स्वतःचं म्हणाली. "डोळ्यांतून पाणी चालेल, आवाज काढून नाही. गुनाह लागतो."

"मग छातीत काय करता त्याचं?"

"सबर," ती म्हणाली. आणि समुद्राकडं बघत, "होत नाही पण."

मी गाडीकडं पाहिलं. शुभाचं तोंड हलत होतं, काचेच्या आत.

कुसैस, दिवाणखाना

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नोराबाई झुबेदाला घेऊन खाली आली. शाळा लवकर सुटली होती, सई पोहायच्या क्लासला गेलेली. शुभाचं वर्क फ्रॉम होम, आतल्या खोलीत दार लोटून. नोराबाई समोर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि अडखळत म्हणाली, मला तुमचं रडणं ऐकायचंय. आजीचं मी लहानपणी ऐकलं, तसं पुन्हा कधी ऐकलं नाही.

मी नाहीच म्हटलं. अहो, मयत नसताना घरात हेल काढणं म्हणजे यमाला हाक मारणं. कुणी ऐकलं तर काय म्हणेल? झुबेदाही म्हणाली, नको मावशी. पण ती बाई बसून राहिली. काही मागत नव्हती, उठतही नव्हती. परदेशात एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही. तिच्यासाठी कोण रडणार, असं माझ्या मनात आलं. आणि दुसरं हेही आलं की मयत नाही कसं? या घरातली मयत अजून घरातच आहे. तिला कुणी बाहेर काढलेलंच नाही.

मी पदर डोक्यावरून घेतला. हळू सुरू केलं.

"माझ्या वाघाऽऽ, कुठं गेलास रंऽऽ… माझ्या लेकीच्या कपाळाचं लेणंऽऽ… दारात बैल हंबरत्यात, आमचा धनी कुठं गेला म्हून पुसत्यातऽऽ… दुधाचा तांब्या भरून ठिवलाय रंऽऽ, कुणाच्या हातात दिऊऽऽ…"

दार उघडलं. शुभा कानात वायर घालून उभी.

"आई. कॉलवर आहे मी. आवाज कमी." मग वायर काढली. "आणि बैल काय? संदीप बैलांना घाबरायचा. पोळ्याला घरातून बाहेर नाही यायचा."

मी थांबले. लाज वाटली. आमच्यात बाप्या माणसासाठी असंच म्हणतात: बैल, रान, दुधाचा तांब्या. पिढ्यान्पिढ्या तेच शब्द, फक्त नाव बदलायचं. संदीपरावांच्या पेटीपाशीही मी हेच गायले होते.

"आणि दूध त्याला पचायचं नाही," शुभा म्हणाली. "पंधरा वर्षांत तुला हे माहीत नाही?"

नोराबाईनं झुबेदाला कोपर लावलं. काय म्हणते ती? झुबेदानं सांगितलं. त्यावर नोराबाई पुढं सरकली आणि थेट शुभाला म्हणाली, इंग्रजीत, सावकाश. मला झुबेदानं मागून सांगितलं ते असं. माझी आजी मयताच्या घरी गेली की आधी पेटीपाशी जायची नाही. आधी स्वयंपाकघरात जायची. घरच्या बायकांना विचारायची, तो काय खायचा? कशावर चिडायचा? काय हरवायचा? मग बाहेर येऊन रडायची. चुकीचं रडलेलं मेलेल्या माणसाला आपलं वाटत नाही, म्हणायची.

शुभा हसली, ते हसणं बरं नव्हतं. "यू वॉन्ट मी टू गिव्ह यू अ ब्रीफ?"

"दे," मी म्हटलं. "माझ्या जावयाचं मला माहीत नाही. तू सांग, मी गाते."

ती दारात तशीच उभी. आतून लॅपटॉपवर कुणीतरी बोलत होतं, शुभा, कॅन यू हिअर अस? तिनं हात मागं नेऊन दार ओढून घेतलं.

"बैलाला घाबरायचा," ती म्हणाली.

मी उचललं. "बैलाला भ्यायचा रंऽऽ माझा राजाऽऽ…"

"सुलेमानी प्यायचा. काळा चहा, लिंबू पिळून. साखर चार चमचे."

"लिंबाच्या चहाचा कप रंऽऽ, गोड करून कुणाला दिऊऽऽ…"

"गाडीची किल्ली हरवायचा. दर आठवड्याला. फ्रिजमध्ये सापडायची."

"किल्ली शोधत्यात समदीऽऽ, मालक कुठं शोधू रंऽऽ…"

झुबेदानं तोंडावर ओढणी घेतली होती. ती आता भाषांतर करत नव्हती, आणि नोराबाईला त्याची गरज राहिली नव्हती. ती माझ्या कडव्याच्या शेवटाला खालच्या सुरात काहीतरी धरत होती, ओखोन, ओखोन, असं. तिच्या त्या दोन ओळींतलंच असावं. सूर माझा नव्हता, पण बसत होता.

"मला मॅडम म्हणायचा," शुभा म्हणाली. आता ती खाली बसली होती, भिंतीला टेकून. "जाम लागला की गाणी म्हणायचा. सगळी चुकीची. आणि एसी सोळावर ठेवायचा, आई. सोळावर. आणि वर गोधडी घ्यायचा, तू दिलेली. मी म्हणायची, अरे मग एसी कमी कर ना. तो म्हणायचा, मॅडम, गोधडीची मजा घ्यायला थंडी लागते. रोज भांडण. रोज. आता एसी चोवीसवर आहे. मी ठेवते तिथंच राहतो. कुणी बदलत नाही. कुणी बदलत नाही गं आईऽऽ, मी ठेवते तिथंच राहतो रं संदीपऽऽ…"

मी गायचं थांबवलं. तिचं तिनं उचललं होतं. तिला मी कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी माझ्यामागं चार गावं फिरली तेव्हा अंगात गेलं असेल. तोच हेल, तीच ओढ, पण शब्द असे की तासगावात कुणी ऐकले नसतील. पार्किंग, चार्जर, सलून, सालिक म्हणतात तो रस्त्याचा टोल, सगळं त्यात आलं. सगळ्याला शेवटी रंऽऽ. मी तिला जवळ घेतलं आणि ती माझ्या गळ्यात पडली, आमच्या बायका पडतात तशी, सगळा भार टाकून.

दारावरची घंटा वाजली. झुबेदा गेली. खालच्या मजल्यावरचा पाकिस्तानी टॅक्सीवाला विचारायला आला होता, "बाजी, सब ख़ैरियत? कोई गिर गया?"

"मय्यत का रोना है, भाईजान," झुबेदा म्हणाली.

"कब हुई?"

"दिवाली के बाद."

त्यानं "इन्ना लिल्लाह" म्हणत डोक्याची टोपी नीट केली आणि खाली गेला. झुबेदा परत आली, पण सोफ्यावर बसली नाही. शुभाच्या पायांशी बसली. आवाज काढला नाही, तिच्या धर्मात तो नाही; फक्त शुभाचं पाऊल हातात धरून बसली आणि तिच्या नाकावरून पाणी गळत राहिलं.

आमच्याकडं असं रडणं चाललं की एक रिवाज आहे. थोड्या वेळानं एखादी वयस्क बाई पुढं होते, पदरानं तोंड पुसते, तांब्या पुढं करते आणि म्हणते, पुरे बाई, चूळ भर. ते म्हटल्याशिवाय रडणारीला थांबता येत नाही, आणि म्हटल्यावर थांबावंच लागतं. त्या खोलीत वयस्क मीच होते. झुबेदानं पाण्याचा ग्लास आणून माझ्याजवळ ठेवलाही. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

मध्येच किल्लीचा आवाज झाला आणि सई आली. केस ओले, पाठीवर बॅग. दारातच उभी राहून आम्हा चौघींकडं बघितलं.

"आजी, इज मम्मा क्रायिंग?"

"हो गं."

"फायनली," ती म्हणाली, स्कूलबस आल्यासारखी. बॅग ठेवली, बूट काढले, आणि येऊन आईच्या मांडीत घुसली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग डोकं वर करून म्हणाली, "मम्मा, यू फरगॉट द व्हिसल."

शुभाचं तोंड सुजलेलं, आवाज बसलेला. "शीळ," ती मला म्हणाली. "लिफ्टमधून बाहेर आला की शीळ घालायचा. म्हणजे हिनं दारामागं लपायचं."

"बट ही नेव्हर फाउंड मी," सई म्हणाली. "ही प्रिटेंडेड."

आणि मग शीळही घेतली. नोराबाईनं मागं सूर धरला. बाहेर मगरीबची बांग सुरू झाली तेव्हा आम्ही अजून शिळेवरच होतो.

विमानतळ

त्यानंतर मी पंधरवडाभर राहिले. सगळं चांगलं झालं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण झालं नाही. शुभाचं जेवण सुटलं. ऑफिसात रजा टाकावी लागली. भाजी चिरता चिरता रडायची, लिफ्टचं दार उघडलं की रडायची. एकदा म्हणाली, "आई, तू आलीस आणि मला मोडून ठेवलंस." मी ऐकून घेतलं. तापलेल्या लोखंडावर पाणी पडल्यावर ते ओरडणारच.

नोराबाई रोज संध्याकाळी खाली यायची. शुभा तिला संदीपरावांचं एकेक सांगायची आणि नोराबाई ते तिच्या आजीच्या सुरात लावून बघायची. तिच्याजवळ सूर होता आणि शब्द नव्हते, शुभाचं उलटं. मला म्हणाली, झुबेदामार्फत, की मी मेले तर मला रडणारं कुणी नाही हे मला ठाऊक आहे, पण निदान काय हरवते हे आता या घराला माहीत आहे. चष्मा हरवते ती. मी तिला म्हटलं, मी ऐकलं की माझ्या गावातून रडेन. ती हसली नाही. तिनं मान डोलवली, करार झाल्यासारखी.

निघायच्या दिवशी शुभा मला सोडायला आली. सई, झुबेदा, सगळ्या. आत जायच्या दारापाशी शुभाचा बांध फुटला. येणारे-जाणारे बघत होते, पांढऱ्या कपड्यातल्या एका अरबी अधिकाऱ्यानं टिश्यूचा डबा पुढं केला. तिनं मूठभर कागद घेतले आणि रडतच मला ढकलून म्हणाली, "जा, आई. जा आता. मी थांबणार नाहीये."

आयुष्यात कधी मी लेकीला रडताना टाकून आले नव्हते. मी सामानाची गाडी ढकलत आत गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा ती झुबेदाच्या खांद्यावर होती, तोंड उघडं टाकून रडत होती, आणि मी परत फिरले नाही.